चालू रुग्णालयातील बांधकाम, देखभाल आणि रुग्णांची सुरक्षितता



अहवाल वर्षात आपल्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्याच्या नूतनीकरणाचे काम पूर्णत्वास गेले. नव्या खाटा, नवी यंत्रसामग्री आणि त्यांसाठी लाभलेल्या देणग्या यांचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. प्रस्तुत लेख त्या कामाच्या एका वेगळ्या बाजूविषयी आहे. दुकानाची दुरुस्ती करावयाची झाल्यास दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावता येते. शाळेचे काम मे महिन्याच्या सुटीत उरकता येते. रुग्णालयाला यांपैकी कोणतीही सोय नाही. भिंतीच्या एका बाजूस गवंडी काम करीत असतो आणि दुसऱ्या बाजूस रुग्ण झोपलेला असतो. ही भिंत रुग्णाचे रक्षण कसे करते आणि कोठे कमी पडते, याचा अभ्यास आम्हांला या वर्षी करावा लागला. त्याला कारण झालेली घटना प्रथम नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

तीन रात्री

काम दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्या भागात चालू होते. उरलेल्या अर्ध्या भागात पुरुषांचा वैद्यकीय कक्ष नेहमीप्रमाणे चालू होता आणि दोन्ही भागांना कॉरिडॉर एकच होता. धुराची चाहूल लागताच घंटा वाजवणारे स्मोक डिटेक्टर छताला बसविलेले आहेत. त्यांना धूर आणि सिमेंटची धूळ यांतील फरक कळत नाही, त्यामुळे तोडफोड सुरू होताच दिवसातून चार-पाच वेळा खोटी घंटा वाजू लागली. रुग्ण घाबरत, नातेवाईक धावत सुटत. म्हणून कामाच्या वेळात डिटेक्टरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात आणि संध्याकाळी त्या सोडाव्यात, असे ठरले.

पिशव्या बांधल्या गेल्या, पण सोडल्या गेल्या नाहीत. सलग तीन रात्री तो संपूर्ण कॉरिडॉर धुराच्या बाबतीत आंधळा होता. चौथ्या दिवशी सकाळी, वडिलांच्या सोबतीला राहिलेल्या एका गृहस्थांनी आमच्या मावशींना सहज विचारले, “मावशी, वरच्या त्या डब्यांना पिशव्या कशाला बांधल्यात?” ते स्वतः व्यवसायाने वायरमन होते. मावशींनी सिस्टरना विचारले, सिस्टरांनी देखभाल विभागाला विचारले आणि तासाभरात तो प्रश्न आमच्या टेबलावर येऊन पोहोचला.

ठेकेदाराच्या माणसांना दोष देऊन प्रकरण मिटविता आले असते. परंतु चौकशीत असे आढळले की पिशव्या बांधण्याची तोंडी परवानगी आम्हीच दिली होती आणि त्या सोडावयाच्या कोणी, हे कोणालाच सांगितले नव्हते. मिस्त्रींना वाटले, ते रुग्णालयाचे काम. आमच्या देखभाल विभागाला वाटले, ज्याने बांधल्या तो सोडील. रात्रपाळीच्या सिस्टरना तर पिशव्यांविषयी काहीच कळविलेले नव्हते.

त्या तीन रात्रींत काहीही घडले नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जो व्यवहार घडला त्याचीच नोंद होते, असे आम्ही शिकलो. न घडलेल्या आगीला खतावणीत खाते नसते. तरीही ही नोंद वार्षिक अहवालात असावी, असे आम्हांस वाटले. कारण या एका चुकीत बहुतेक रुग्णालयीन दुर्घटनांचे मूळ दिसते. बांधकाम असो, दुरुस्ती असो वा आणीबाणी, सुरक्षिततेचे एखादे साधन ‘थोड्या वेळापुरते’ बाजूला ठेवावे लागते. ते ठेवणे पुष्कळदा योग्यच असते. धोका असतो तो त्या थोड्या वेळाला धनी नसण्यात.

धूळ : न दिसणारा शेजारी

जुने प्लास्टर किंवा छताचे पत्रे काढले की धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. त्यांपैकी ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू साधारण दोन ते साडेतीन मायक्रॉन आकाराचे असतात. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. ते तासन् तास हवेत तरंगतात आणि श्वासावाटे फुफ्फुसाच्या थेट तळाशी पोहोचतात. निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही. परंतु कर्करोगाची औषधे चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा रुग्ण त्यांपासून गंभीर आजारी पडू शकतो. बांधकामाशी संबंधित असा संसर्ग जगभरच्या रुग्णालयांत अनेकदा नोंदला गेला आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जो हाहाकार उडविला त्याची कारणे निराळी होती. तथापि दुबळ्या शरीरात बुरशी काय करू शकते, हे त्या वर्षी घरोघरी कळले.

कामाला हात घालण्यापूर्वी धोका मोजण्यासाठी अमेरिकेतील रुग्णालयांत एक तक्ता रूढ झाला आहे. त्याच्या एका बाजूस कामाचे प्रकार असतात. नुसती पाहणी, थोडी धूळ उडविणारे छोटे काम, भिंत घासण्यासारखे मध्यम काम आणि मोठी तोडफोड अशी ती चढती श्रेणी आहे. दुसऱ्या बाजूस आसपासचे रुग्ण किती नाजूक आहेत, त्याचे गट असतात. दोन्ही बाजू जेथे मिळतात तेथे कोणती खबरदारी घ्यावयाची, ते लिहिलेले असते. त्यामुळे तेच काम कचेरीशेजारी साध्या बंदोबस्तात करता येते आणि अतिदक्षता विभागाशेजारी कडक बंदोबस्ताशिवाय करता येत नाही. या तक्त्यावरून आम्ही आपल्या रुग्णालयापुरता मराठी तक्ता तयार केला असून तो ठेकेदाराच्या कार्यस्थळी लावलेला असतो.

धूळ रोखण्यासाठी ताडपत्री टांगण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिने राडारोडा दिसत नाही, एवढाच तिचा उपयोग. आडपडदा खोट्या छताशी न थांबता वरच्या स्लॅबपर्यंत गेला पाहिजे, कारण खोट्या छताच्या वरची पोकळी दोन्ही बाजूंना एकच असते. त्याच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या पाहिजेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाच्या जागेतील हवा पंख्याने सतत इमारतीबाहेर खेचली गेली पाहिजे. असे केले की कक्षातील हवा कामाच्या जागेकडे वाहते, तेथील धूळ उलट कक्षात येत नाही. बाहेर जाणारी हवा रुग्णांच्या खिडक्यांजवळ सुटत असेल तर तिला हेपा फिल्टर लावावा लागतो. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविण्याची त्याची क्षमता असते. राडारोडा झाकलेल्या गाडीतून, रुग्णांच्या लिफ्टऐवजी वेगळ्या वाटेने आणि भेटीच्या वेळा टाळून न्यावयाचा. जमीन कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावयाची. या शेवटच्या दोन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि त्याच सर्वांत आधी विसरल्या जातात.

ठिणगी

वेल्डिंग आणि लोखंड कापण्याच्या यंत्राच्या ठिणग्या सुमारे अकरा मीटरपर्यंत उडू शकतात. एखादी ठिणगी भुश्यात, थर्मोकोलमध्ये किंवा भिंतीतील पोकळीत पडली तर ती लगेच पेट घेत नाही, नुसती धुमसत राहते. कामगार हत्यारे गोळा करून जेवायला जातात आणि त्यानंतर ज्वाळा दिसतात. म्हणून अशा कामासाठी दर दिवशी वेगळा लेखी परवाना असावा, अकरा मीटरच्या आतील जळाऊ वस्तू हलवाव्यात किंवा झाकाव्यात, अग्निशामक घेऊन एक माणूस केवळ पहाऱ्यासाठी उभा राहावा आणि काम थांबल्यावरही त्याने किमान एक तास तेथेच थांबावे, हा आता मान्य झालेला नियम आहे. न काम करणाऱ्या माणसाला मजुरी का द्यावयाची, असा प्रश्न आमच्या हिशेब विभागाने विचारला होता. त्या माणसाचे काम पाहणे हेच आहे, असे उत्तर आम्ही आता लेखी दिले आहे.

१७ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत अंधेरी येथील कामगार विमा योजनेच्या रुग्णालयास आग लागली, तेव्हा तेथे नूतनीकरणाचे काम चालू होते. किमान आठ जणांना प्राण गमवावे लागले. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्यातील एका खाजगी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तळघरात जळाऊ सामान साठविलेले होते. सुमारे नव्वद लोक मरण पावले आणि त्यांपैकी बहुतेक जण ज्वाळांपासून दूर, वरच्या मजल्यांवर, धुराने गुदमरले. रुग्णालयातील आगीत ज्वाळेपेक्षा धूर अधिक घातक असतो, हा या घटनेचा धडा आहे. ‘चार दिवसांसाठी’ तळघरात ठेवलेले सिमेंटचे रिकामे कागद, रंगाचे डबे, फोमच्या गाद्या आणि खोकी या सर्वांचा संबंध वरच्या मजल्यावरील रुग्णाच्या श्वासाशी असतो.

रुग्णालयात ठिणगीला आणखी एक साथीदार असतो, तो म्हणजे प्राणवायू. नेहमीच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. गळतीमुळे किंवा कोंदट खोलीतील वापरामुळे हे प्रमाण थोडेसे जरी वाढले, तरी कापड आणि प्लास्टिक सहज पेट घेते व झपाट्याने जळते. प्राणवायूच्या तोटीला तेल किंवा ग्रीस लावू नये, हा साधा नियमही बाहेरून आलेल्या प्लंबरला ठाऊक असेलच असे नाही. तो त्याला सांगणे आमचे काम आहे.

‘पाच मिनिटांसाठी बंद करतो’

नूतनीकरणात जुन्या नळ्यांना नव्या नळ्या जोडाव्या लागतात आणि त्यासाठी प्राणवायू, वीज किंवा पाणी काही काळ बंद करावे लागते. “सिस्टर, पाच मिनिटांसाठी बंद करतो” हे वाक्य आपल्या रुग्णालयात आता कोणालाही बोलता येत नाही. बंद करण्याचा अर्ज आदल्या दिवशी येतो. कोणत्या व्हॉल्व्हमुळे कोणत्या खाटा बाधित होतात, याची यादी त्यात असते. त्या प्रत्येक खाटेजवळ भरलेले सिलिंडर, त्याची चावी आणि रेग्युलेटर ठेवून ते चालवून पाहिले जातात. संबंधित सिस्टर इन्चार्ज आणि भूलतज्ज्ञ यांच्या सह्या झाल्यावरच व्हॉल्व्ह फिरतो.

प्राणवायूचा पुरवठा तुटल्यास काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या एका रुग्णालयातील द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. पुरवठा विस्कळीत होऊन त्यावर अवलंबून असलेले किमान २२ रुग्ण दगावले. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि वायुरूप होताना सुमारे ८५० पट फुगतो. टाकीजवळची पांढरी वाफ म्हणजे वाया चाललेले श्वासच होत. टाकीपाशी प्रशिक्षित मनुष्य चोवीस तास असणे आणि टाकी निकामी झाली तरी चालेल असा सिलिंडरांचा वेगळा साठा नळीला जोडलेला असणे, या दोन्ही बाबी आम्ही त्या घटनेनंतर अनिवार्य केल्या आहेत.

नळ्या पुन्हा जोडल्यानंतरचा धोका त्याहून सूक्ष्म आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील एका रुग्णालयात प्राणवायूची म्हणून बसविलेल्या तोटीतून प्रत्यक्षात नायट्रस ऑक्साइड हा भूल देण्यासाठी वापरला जाणारा वायू येत होता. एक नवजात बालक दगावले व दुसऱ्याच्या मेंदूला इजा झाली. तोटी तपासल्याच्या कागदावर सह्या झालेल्या होत्या. आम्ही आयुष्यभर सह्या तपासण्याचे काम केले असल्याने ही घटना आमच्या मनाला विशेष लागली. सही ही तपासणी झाल्याचा पुरावा असते, तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही. आता प्रत्येक नव्या तोटीतील वायू रुग्णाला लावण्यापूर्वी भूलतज्ज्ञ स्वतः यंत्रावर मोजतात आणि आलेला आकडा लिहितात. केवळ ‘ठीक’ असा शेरा स्वीकारला जात नाही.

पाण्याकडेही असेच पाहावे लागते. काम चालू असलेल्या भागातील नळ आठवडे-दोन आठवडे वापरात नसतात. साचलेल्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि नळ सोडताच उडणाऱ्या तुषारांतून ते फुफ्फुसात जातात. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका संमेलनास आलेल्या लोकांमध्ये न्यूमोनियाची साथ पसरली, तेव्हा या जिवाणूचा शोध लागला. म्हणून बंद भागातील प्रत्येक नळ आणि शॉवर ठरावीक दिवशी काही मिनिटे वाहू द्यावा लागतो आणि निरुपयोगी झालेली नळी अर्धवट तशीच न ठेवता मुळापासून कापावी लागते.

देखभाल : जे पुढे ढकलले जाते

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी ७ वाचविता आली, १० गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून ११ रुग्णांचा अंत झाला. अतिदक्षता कक्षात यंत्रे रात्रंदिवस चालतात. पाच वर्षांपूर्वी जेवढ्या यंत्रांसाठी वायर घातली, त्याहून कितीतरी अधिक यंत्रे आज तिच्यावर चालत असतात. देणगीरूपाने आलेले प्रत्येक यंत्र आम्ही कृतज्ञतेने स्वीकारतो. परंतु ते सुरू करण्यापूर्वी त्याचा भार जुनी वायर पेलू शकेल काय, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. यापुढे अतिदक्षता विभागात आलेले यंत्र विद्युत अभियंत्याच्या दाखल्याशिवाय जोडले जाणार नाही. उद्घाटनास त्यामुळे आठ-पंधरा दिवस उशीर झाल्यास देणगीदारांनी आम्हांस क्षमा करावी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते. ते आपण सादर करीत आलो आहोत. परंतु जानेवारी ते जुलै यांच्या मध्ये १८० दिवस असतात, आणि पिशव्या बांधलेल्या आमच्या तीन रात्री नेमक्या त्यांतल्याच होत्या. प्रमाणपत्र आमच्या फाइलमध्ये होते आणि ते खरेही होते.

जनरेटरच्या बाबतीतही हाच अनुभव. दर आठवड्याला तो पाच मिनिटे चालवून नोंदवहीत सही होत असे. जनरेटर सुरू होणे आणि जनरेटरने रुग्णालयाचा भार उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला पहिल्या प्रत्यक्ष भारचाचणीत समजले. आता महिन्यातून एकदा, पूर्वसूचना देऊन आणि डॉक्टरांना उपस्थित ठेवून, मुख्य वीज खरोखरच बंद केली जाते आणि अतिदक्षता विभागाचे दिवे किती सेकंदांत परत येतात, ते लिहून ठेवले जाते.

आणीबाणी : रुग्णाला कोठे न्यावयाचे?

आग लागली की जिन्याने खाली पळावे, हा सर्वसामान्य समज आहे. चालता न येणाऱ्या माणसाला तो लागू नाही. रुग्णालयात पहिली हालचाल आडवी असते. धुराच्या भागातून त्याच मजल्यावरील पुढच्या, आगरोधक दाराने वेगळ्या केलेल्या भागात रुग्ण न्यावयाचे आणि मागचे दार बंद करावयाचे. बंद दार ही धूर अडविणारी सर्वांत स्वस्त यंत्रणा होय. आपल्याकडे वारा यावा म्हणून अशा दारांना विटा लावून ती उघडी ठेवण्याची सवय आहे. आम्ही त्या विटा उचलल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. शेवटी उकाड्याची खरी तक्रार ऐकून घेऊन कक्षात पंखे वाढविले, तेव्हा विटा गेल्या.

या वर्षी रात्री दोन वाजता घेतलेल्या सरावात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. कक्षाच्या मागील दाराला कुलूप होते, कारण पूर्वी तेथून चोऱ्या झाल्या होत्या. किल्ली तळमजल्यावर सुरक्षारक्षकाकडे होती. दारासमोर मोडक्या खाटा रचलेल्या होत्या, कारण कामामुळे भांडारात जागा नव्हती. प्रत्येक गोष्टीला समजण्याजोगे कारण होते, आणि त्या सर्व कारणांची बेरीज म्हणजे बंद वाट. आता त्या दाराला आतून ढकलताच उघडणारी आणि उघडताच घंटा वाजणारी कडी बसविली आहे. खाटा भंगारात विकल्या असून त्यांची रक्कम इतर जमेत दाखविलेली आहे.

पाण्याची आणीबाणी आपल्या प्रदेशाला नवीन नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. पुरात रुग्णालय बुडण्यापूर्वी बहुधा त्याची वीज बुडते, कारण जनरेटर, डिझेलची टाकी आणि पंप तळघरात असतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्कमधील एका मोठ्या रुग्णालयाची पर्यायी वीज अशीच बंद पडली. तीनशेहून अधिक रुग्ण रातोरात हलवावे लागले आणि परिचारिकांनी नवजात बालकांना हाताने श्वास देत अंधारातून जिने उतरविले. आपले जनरेटर जमिनीपासून उंच जोत्यावर नेण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहे. तो तातडीने मंजूर व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

भूकंपाविषयी एकच उदाहरण पुरेसे आहे. २६ जानेवारी २००१ रोजी भूज येथील जिल्हा रुग्णालय कोसळले. ज्या क्षणी शहराला त्याची सर्वाधिक गरज होती, त्याच क्षणी ते नाहीसे झाले. त्या जागी नवे रुग्णालय उभारताना पायाशी धक्के शोषणारे आधार बसविण्यात आले. पडून गेलेल्या इमारतीपासून शिकलेला तो धडा होता. न पडलेल्या इमारतीपासून शिकणे अधिक स्वस्त पडते.

हिशेबातील एक अडचण

येथे आम्हांस आमच्याच एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. नूतनीकरणाच्या निविदा उघडल्या तेव्हा आम्ही प्रथेप्रमाणे सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली. नंतर लक्षात आले की धूळरोधक पडदे, हवा खेचणारे पंखे, पहारेकरी आणि संध्याकाळची तपासणी या बाबी त्या निविदेत नव्हत्याच. दर कमी होता त्याचे एक कारण तेच होते. आम्ही स्वस्त काम घेतले नव्हते. कामाचा एक भाग गाळून घेतला होता आणि तो भाग रुग्णांच्या वाट्याला आला होता.

सुरक्षिततेच्या या खर्चाची अडचण अशी की तो मागे काहीच ठेवत नाही. नव्या भिंतीवर देणगीदारांच्या नावाची कोनशिला बसते आणि ताळेबंदात ती मालमत्ता म्हणून दिसते. धूळरोधक पडदा काम संपताच उतरवून फेकला जातो. पहारेकऱ्याची मजुरी महसुली खर्चात विरून जाते. त्यामुळे काटकसर करावयाची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. म्हणून विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने पुढील तीन गोष्टी ठरविल्या आहेत.

१. प्रत्येक बांधकामाच्या निविदेत ‘काम चालू असताना रुग्णांची सुरक्षितता’ ही स्वतंत्र बाब राहील. तिच्या रकमेवर घासाघीस केली जाणार नाही व ती अन्य बाबीकडे वळविली जाणार नाही.

२. सुरक्षिततेचे कोणतेही साधन तात्पुरते बंद करताना एका फलकावर चार गोष्टी लिहिल्या जातील : काय बंद केले, कोणी केले, तोवर त्याऐवजी काय व्यवस्था आहे आणि ते परत चालू करण्याची जबाबदारी कोणत्या व्यक्तीची, किती वाजता. रात्रपाळीच्या सिस्टर तो फलक वाचल्यावरच पदभार स्वीकारतील.

३. काम थांबविण्याचा अधिकार सिस्टर इन्चार्जना राहील. त्यासाठी त्यांना आमची परवानगी लागणार नाही आणि नंतर कारणाविषयी जाब विचारला जाणार नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती

आपल्या माणसाच्या उशाशी आपण रात्रंदिवस असता. आमच्या फेरीत जे सुटते ते आपल्या नजरेस पडते. म्हणून काही विनंत्या कराव्याशा वाटतात. कक्षातील प्लगमध्ये पाणी तापविण्याचे साधन किंवा शेगडी लावू नये. प्राणवायू चालू असलेल्या खाटेजवळ उदबत्ती, निरांजन किंवा काडी पेटवू नये. प्रार्थनेसाठी तळमजल्यावर स्वतंत्र जागा आहे. बाहेर पडण्याच्या दारासमोर पथारी किंवा सामान ठेवू नये. रात्री विश्रांतीसाठी जागा कमी पडते हे आम्हांस ठाऊक आहे आणि धर्मशाळेच्या खोल्या वाढविण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे. कामाच्या भागातून धूळ येत असेल, तारा लोंबकळत असतील किंवा दार बंद दिसत असेल, तर जो कर्मचारी प्रथम भेटेल त्याला सांगावे. तसे सांगणे आम्ही तक्रार मानणार नाही. ती आपण केलेली मदतच असेल.

ज्या वायरमन गृहस्थांनी पिशव्यांविषयी विचारले, त्यांचे वडील पुढे बरे होऊन घरी गेले. बिल भरताना त्यांनी कोणतीही सवलत मागितली नाही. त्यांच्या प्रश्नाचे मोल पावतीवर लिहिण्याची सोय आमच्या पावतीपुस्तकात नाही. देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. ते तेथे नसले तरी या वर्षातील मोठ्या देणग्यांपैकी ती एक होती, असे आम्ही मानतो.

 पुढील वर्षी तिसऱ्या मजल्याचे काम सुरू होईल. त्या वेळी आपण रुग्णालयात आलात, तर नव्या भिंतींबरोबर कॉरिडॉरमधील तो फलकही अवश्य पाहावा, आणि त्यावर एखादी जागा कोरी दिसल्यास आम्हांस निःसंकोच जाब विचारावा, ही विनंती.

आपले विनीत,
प्रशासक व व्यवस्थापन मंडळ